लाइटकडे बघा

रत्नागिरीतल्या माझ्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत एका नवरीचा मोठा फोटो आहे. पडवीत उभी आहे, हातात हिरवा चुडा, मुंडावळ्या अजून बांधायच्या आहेत, आणि समोर कुठेतरी बघून ओठ मिटून हसते आहे. चेहऱ्यावर सकाळचा उजेड इतका मऊ पडलाय की आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा थांबून बघतात. लग्न ठरलेली मुलंमुली दुकानात येतात, अल्बम चाळतात, मोबाइलवर कुणाकुणाची लग्नं मला दाखवतात आणि शेवटी त्या फोटोकडे बोट करून म्हणतात, "काका, आम्हाला ही स्टाइल पाहिजे."

मी मान हलवतो. पूर्वी अभिमानाने हलवायचो. आता नुसती हलवतो, कारण त्या फोटोत काय आहे ते मला कळून चुकलंय. ते सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगायला हवा.

मी सुरुवात केली तेव्हा लग्नाच्या फोटोत स्टाइल निवडायची भानगडच नव्हती. फोटो म्हणजे समोर बघायचं, श्वास रोखायचा आणि फ्लॅश उडाला की डोळे मिटायचे. मिटले की उघडे राहिले ते रोल धुतल्यावर कळायचं. विधींचे ठरलेले फोटो काढून झाले की स्टेजवर रांग. मुलीचे मामा-मामी, मुलाचे काका-काकू, शेजारी, ऑफिसातले, मुंबईहून आलेले, आणि सगळ्यात शेवटी ज्यांच्याशी भांडण आहे ते. उंच मागे, बुटके पुढे, पोरं खाली बसलेली. नवरा-नवरी भुकेने अर्धमेली व्हायची. अल्बममध्ये पानामागून पान तीच दोघं मधोमध मेणाच्या बाहुल्यांसारखी, बाजूची माणसं तेवढी बदललेली.

हे कंटाळवाणं होतं, हे मीच सांगतो. पण त्यात एक गोम होती. गिऱ्हाइकाला ती ठाऊक नसायची, आम्हाला असायची. लग्नाचा अल्बम हा लग्नासाठी नसतोच. नवरा-नवरी तो पहिल्या वर्षी चार वेळा बघतात आणि मग तो कपाटावर जातो. तिथून खाली उतरतो तो घरातलं कुणी गेल्यावर. दहाव्याच्या आसपास माणसं आमच्याकडे यायची. हातात अल्बममधलं पान असायचं आणि एका चेहऱ्यावर बोट. "ह्यांचा मोठा करून द्या. तेराव्याला लावायचाय." आमच्या कोकणी माणसाला फोटोसाठी उभं राहायची सवड आणि इस्त्रीचा सदरा, दोन्ही एकाच दिवशी मिळतात, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात. तुमच्या घरातले हार घातलेले आजोबा एकदा नीट बघा. निम्म्यांच्या डोक्याला फेटा आहे आणि फ्रेमच्या कडेला कुणाच्या तरी शालूचा काठ आलेला आहे.

हर्णेला एका नाखव्याच्या नातवाचं लग्न होतं. म्हातारा सकाळपासून माझ्या मागे मागे. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ए फोटोवाल्या, माजा एकट्याचा बी एक काढ. लग्नातला हाय ह्ये कुनाला कळता कामा नये." त्याला बर्फाच्या पालथ्या खोक्यावर बसवला, मागे कुणाची तरी चादर धरायला लावली. कॅमेरा डोळ्याला लावला तसा तो म्हणाला, "हासू का रं?" मी म्हटलं, हसा की. थोडा विचार करून म्हणाला, "नको. सुना म्हनतील, मेला तरी हासतोय." त्या म्हाताऱ्याला आमचा धंदा माझ्याहून चांगला कळला होता. तो फोटो त्याच्या घरात आजही भिंतीवर आहे, गंभीर, एकटा, आणि मागे चादरीवरची फुलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा अवघड आहे. लग्नात विधवा बाई मागे राहते. कुणी हाकलत नाही, तसा कुठे लिहिलेला नियम नाही, आणि शिकल्यासवरल्या घरात तर विषय काढला तरी लोक रागावतात. पण ती आपली आपणच मागे राहते. मुलगी तिची असली तरी कन्यादानाला मामा-मामी बसतात आणि ही भांडारघरात नारळ मोजत असते. अशा बाईला स्टेजवर आणण्याची ताकद लग्नात एकाच माणसात होती, ती म्हणजे फोटोग्राफरमध्ये. मी माइक घेऊन ओरडायचो, "मुलीची आई कुठे आहे? आईला पाठवा, फोटो अडलाय!" फोटो अडलाय म्हटल्यावर कुणी हरकत घेत नसे, मुलाकडचेही नाही. मी काही सुधारक नव्हे. मला फ्रेम भरायची असायची. पण फोटोला अपशकुन लागत नाही, असं बहुतेक सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. पदराला हात पुसत बाई यायची, टोकाला उभी राहायची, समोर बघायची. झाली तिची सोय.

मग कॅमेरे बदलले आणि निवडायला स्टाइली आल्या. प्री-वेडिंग आलं, म्हणजे लग्नाआधी आरे-वारेच्या वाळूत नवरा-नवरीने अनवाणी धावायचं. सिनेमॅटिक आलं. मूडी नावाचा प्रकार आला, त्यात फोटो अंधारे असतात. एका बागायतदाराने ते बघून मला जाब विचारला, "ओ, एवढी लायटिंग केली ती काय काळोख दाखवायला?" आणि सगळ्यांच्या वर कॅन्डिड. कॅन्डिड म्हणजे कुणालाही 'इकडे बघा' म्हणायचं नाही. माणसं आपापल्या नादात असताना गुपचूप टिपायची. सगळं खरं, सगळं जिवंत. हे फोटो सुंदर येतात यात वाद नाही. माझ्या उभ्या आयुष्यातल्या फोटोंपेक्षा सुंदर येतात. मला ते जमलं नाही. हात शिकले असते, पण जीभ गप्प राहीना. म्हणून मी लग्नं घ्यायचो आणि फोटो काढायला पुण्याहून मुलं बोलवायचो.

कॅन्डिडवाल्याची नजर जिकडे गंमत तिकडे जाते. करवल्या, मित्र, नाचणारा काका, रडणारी मैत्रीण. जो पुढे आहे तो येतो. जो मागे राहतो त्याला हाक मारायची नाही, हा तर त्या स्टाइलचा नियमच.

सुमनवहिनी लांज्याच्या. काजूच्या कारखान्यात कामाला होत्या. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. बोटांना राख चोळून बसतात बायका, तरी वर्षानुवर्षांनी बोटांची टोकं काळी पडतात आणि ती मग धुऊन जात नाहीत. त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा नवरा जाऊन आठवडा झाला होता. सोबत शाळकरी मुलगी, हातात दिराच्या लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या ओळीत उभ्या असलेल्या फेटेवाल्या माणसावर त्यांनी ते काळं बोट ठेवलं. म्हणाल्या, "ह्ये आमचे."

शेजारी उभ्या असलेल्या भावाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. चेहरा मोठा केल्यावर खांद्यावर चार बोटं राहिली. तेव्हा संगणक नव्हता, आम्ही बारीक ब्रशने असली बोटं पुसून टाकायचो. मी म्हटलं, उद्या या, साफ करून ठेवतो.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यांच्या भावाचा हात हाय. एकटं वाटायचं न्हाय त्यांना."

तेव्हापासून त्या मला भाऊ म्हणायच्या आणि मी त्यांना वहिनी. एस्टीने रत्नागिरीला आल्या की दुकानात डोकावायच्या, ओल्या काजूगरांची पुडी टेबलावर ठेवून जायच्या. मुलीला, म्हणजे प्राचीला, त्यांनी इंजिनीयर केलं. ती पुण्याला नोकरीला लागली, तिने लग्न जमवलं आणि लग्नाचं सगळं स्वतःच करायचं ठरवलं. दोघी मायलेकी माझ्याकडे आल्या त्या फोटोची स्टाइल ठरवायला.

प्राचीने सगळं आधीच ठरवून आणलं होतं. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, आम्हाला फक्त कॅन्डिड पाहिजे. स्टेजवर रांग अजिबात नको. माइकवरून बोलावणं नको. माणसं जशी असतात तशी यायला हवीत."

"गुरूप फोटू एक तरी आसूं दे गो," सुमनवहिनी हळूच म्हणाल्या.

"नको आई. बाबा गेल्यावर ज्यांनी कधी दारात पाऊल टाकलं नाही, त्यांच्या शेजारी उभी राहून हसू? आणि असल्या फोटोत सगळे मेल्यासारखे दिसतात."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "मागून कामाला येतो, म्हनून बोलले," त्या म्हणाल्या. त्या काय म्हणतायत ते त्या दुकानात आम्हा दोघांनाच कळलं. लग्न ठरवायला आलेल्या पोरीपुढे ते फोड करून सांगायचं तरी कसं?

मी म्हटलं, "प्राची, शेवटी एकच काढू. तू, जावई आणि आई. पाच मिनिटांचं काम."

"काका, एक म्हटला की पन्नास होतात, तुम्हाला माहितीय. आई येईलच ना फोटोत. दिवसभर माझ्या बाजूलाच असणार ती."

मुलगी वाईट नव्हती, आजही नाही. स्टेजवरची ती रांग लहानपणापासून बघून तिला उबग आला होता आणि तिचं कारणही खरं होतं. आई बाजूलाच असणार, असं तिला मनापासून वाटत होतं. लग्नात विधवा आई कुठे असते ते तिने कधी बघितलं नव्हतं. बघणार कुठून, फोटोत ती स्टेजवरच दिसायची.

लग्न झालं आरे-वारेच्या पुढे, समुद्र दिसणाऱ्या एका नव्या कार्यालयात. पुण्याहून रोहन नावाचा मुलगा कॅमेरा घेऊन आला होता. कामात हुशार, बोलायला गोड. मी व्यवस्था बघायला होतो, म्हणजे बिनकामाचा. कन्यादानाला मामा-मामी बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मला वहिनी दिसेनात, म्हणून मागे गेलो. जेवणाच्या ताटांत त्या एकेक जिलबी ठेवत होत्या.

"वहिनी, इथे काय करताय? चला पुढे."

"हितनं ऐकू येतंय की."

"अक्षता तरी टाका."

"टाकल्या हितनंच." त्यांच्या पायाशी खरंच चार तांदूळ पडले होते.

मी म्हटलं, मग इथे तरी एक फोटो काढतो, आणि खिशातला मोबाइल वर केला. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "माजा कशाला वो भाऊ? पोरीचा काढा. आनि पोरीनं सांगितलंय ना, तसला फोटू नको म्हनून. तिचा दिवस हाय." पाठवणीच्या वेळी मी पुन्हा हाक मारली, तेव्हा त्या नवरीच्या बॅगा गाडीत चढवत होत्या. पूर्वी मी माइक घेऊन ओरडलो असतो आणि कुणाची बिशाद नव्हती नाही म्हणायची. त्या दिवशी माझ्या हातात माइक नव्हता.

फोटो अप्रतिम आले. कार्यालयाच्या पडवीतला तो नवरीचा फोटो मी विचारून घेतला आणि मोठा करून काचेत लावला. वहिनी एकदा दुकानावरून जाताना रस्त्यात उभ्या राहून तो बघत होत्या. मी बाहेर आलो तर म्हणाल्या, "उजेड बरा पडलाय न्हाय?" मी म्हटलं, फार सुंदर. त्या हसल्या आणि एस्टी चुकेल म्हणून निघाल्या. हे असंच होतं बघा. माणूस सांगून जातो आणि आपण ऐकून घेतो.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर वहिनी गेल्या. कारखान्यातून घरी आल्या, छातीत कळ येते म्हणाल्या, लांज्याहून रत्नागिरीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी प्राची आणि तिचा नवरा दुकानात आले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काका, आईचा फोटो हवाय. तेराव्याला."

तिच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो होते. सगळे तिचे स्वतःचे, घरी गेली की आईनेच काढलेले. आई आली होती ती दोन-तीन ठिकाणी, एकात हात आडवा, एकात झोपलेली, एकात नुसतं नाक आणि कान. "रोज व्हिडिओ कॉल व्हायचा हो काका," प्राची म्हणाली, "पण त्याचा कुणी फोटो ठेवतं का? आणि ती फोन असा धरायची की मला नेहमी तिचं कपाळ आणि वरचा पंखाच दिसायचा." हे सांगताना ती हसली आणि तिथेच तिचा बांध फुटला. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. राहता राहिला आधार कार्डावरचा चेहरा. तो तुम्हा आम्हा सगळ्यांचा कसा असतो ते काय सांगायचं, शिवाय मोठा केला की नुसते ठिपके.

"लग्नातले सगळे बघा ना काका. अल्बममध्ये नाही आली, पण न निवडलेल्यात असेल. एखादा तरी असेल ना?"

त्या लग्नाची सगळी फाइल माझ्याकडे होती. मी आणि दुकानात संगणकावर बसणारी अश्विनी, दोघांनी दुसरं काम बाजूला ठेवून एकेक फोटो उघडायला घेतला. असलं काम मी आयुष्यभर केलंय, गर्दीतून एक चेहरा उचलून काढायचं, आणि मला खात्री होती की सापडणार. वहिनींनी करड्या रंगाची, मोरपंखी काठाची साडी नेसली होती. तो काठ शोधत होतो. काठ सापडायचा. नाचणाऱ्या मुलांच्या मागे पाठ. दाराच्या चौकटीत अर्धा खांदा. नवरीच्या मैत्रिणींच्या स्पष्ट हसण्यामागे एक करडा, धूसर ठिपका, चालत निघालेला. ताट पुढे करणारा हात. एकात चेहरा वळला होता आणि नेमका मध्ये कुणाचा तरी फेटा. एवढ्या फोटोंत ती बाई हवेसारखी सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. माझा संताप होत होता, पण कुणावर करायचा ते कळत नव्हतं. रोहनवर? त्याने सांगितलं तेच काम केलं होतं, आणि फार छान केलं होतं.

अश्विनीने मला न विचारता आधार कार्डाचा फोटो कसल्या तरी सॉफ्टवेअरला दिला. आता म्हणे ते नसलेला चेहराही भरून देतं. मिनिटभरात एक बाई तयार झाली. स्वच्छ, गोरीपान, गालात हसणारी, आणि कपाळावर त्याने आपल्या मनाने ठसठशीत कुंकू लावून दिलं होतं. वहिनींनी ज्या कपाळाला इतकी वर्षं काही लावलं नाही त्यावर. प्राचीला दाखवावं की नाही याचा मी विचार करत होतो तोवर ती आत आलीच. तिने वाकून बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही कोण?"

अश्विनीने ते पुसून टाकलं.

शेवटी टाकाऊ फोटोंचं एक फोल्डर उरलं होतं. लाइट तपासायला, अंतर मोजायला काढलेल्या फ्रेमा, ज्या कुणाला दाखवायच्या नसतात. त्यात तीच पडवी होती, तीच सकाळ, फक्त जरा लांबून घेतलेली. एका बाजूला प्राची उभी. तिच्यासमोर रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर म्हणजे चंदेरी कापडाची गोल चकती, परातीहून मोठी. उन्हाचा उजेड त्यावर घेऊन माणसाच्या चेहऱ्यावर वळवायचा. धरणाऱ्याचा हात हलला की उजेड हलतो. त्या चकतीच्या मागे कुणी तरी उभं होतं. चकतीच्या खाली करड्या साडीचा मोरपंखी काठ दिसत होता. चकतीच्या कडेवर दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं होती आणि त्यांची टोकं काळी होती.

चेहरा सगळाच्या सगळा चकतीमागे.

मी रोहनला फोन लावला. त्याला बरोबर आठवलं. "हो काका, माझा असिस्टंट नवऱ्याकडे गेला होता. त्या हॉलच्या मावशी दारात उभ्या होत्या ना, त्यांना म्हटलं जरा धरता का. मस्त धरलं त्यांनी, एकदम स्थिर. मी झालं म्हटलं तरी थोडा वेळ तशाच धरून उभ्या होत्या. का हो?"

मी म्हटलं, काही नाही, सहज. त्याला सांगून काय होणार होतं? बिचारा आयुष्यभर मनाला लावून घेईल. साध्या साडीतली, कपाळ मोकळं, दाराशी उभी असलेली बाई. तिला बघून नवरीची आई कोण म्हणेल? आपणच तिला दाराशी उभी करून ठेवली, तो बाहेरगावचा पोरगा काय करणार!

प्राचीला दाखवावं असं मला वाटत नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सापडला?" आणि खुर्ची ओढून पुढे बसली. मी फोटो उघडला. तिने साडी ओळखली नाही. बोटं ओळखली.

"ही तिथे काय करत होती?"

मी सांगितलं. रोहनचं वाक्य होतं तसं सांगितलं नाही, पण धरायला कुणी नव्हतं म्हणून तुझ्या आईने धरलं, एवढं सांगितलं.

तिने पडद्यावरच्या त्या चंदेरी चकतीवर बोट ठेवलं. मग बोलायला लागली ती माझ्याशी नव्हेच. "तो म्हणत होता, लाइटकडे बघा, लाइटकडे बघा. मी तिकडेच बघत होते. डोळे नुसते दिपत होते, मागे कोण आहे काही दिसत नव्हतं. काका, मी ओरडले. मी म्हटलं, 'ओ मावशी, जरा खाली घ्या ना, डोळ्यांत जातंय.'"

नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो कळलाही नसेल.

"आणि ते खाली आलं," ती म्हणाली. "लगेच. ती बोलली का नाही काका? नुसतं 'मी आहे गो' म्हटलं असतं तरी..."

माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं कधी वाटलं नव्हतं की हे दुकान बंद करावं आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं. त्या दिवशी वाटलं. आम्ही माणसांचे चेहरे जपून ठेवतो असं मी सगळ्यांना सांगत आलो. जी बाई आयुष्यात एकच फोटो मागत होती, 'मागून कामाला येतो' म्हणून मागत होती, तिचाच नव्हता.

तेराव्याला लांज्याला गेलो. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा मी केलेला फोटो होता, खांद्यावर भावाची चार बोटं घेतलेला. त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाची दुसरी फ्रेम. प्राचीने आधारवरचा फोटो मोठा करू दिला नव्हता. केला की आई जाते, ठिपकेच राहतात, असं तिचं म्हणणं. म्हणून पांढऱ्या कागदाच्या मधोमध आधार कार्डावर असतो तेवढाच चेहरा होता. कारखान्यातल्या बायका आल्या, नमस्कार करायला पुढे झाल्या आणि अगदी फ्रेमला नाक लागेपर्यंत वाकल्या. एक म्हातारी मागे वळून म्हणाली, "दिसंना गो काय." दुसरी म्हणाली, "हाय ती. नीट बग."

निघताना मी प्राचीला विचारलं, दुकानातला तुझा तो फोटो आता काढून ठेवू का? रोज येता-जाता मलाच तो सोसेना झाला होता.

"नको काका," ती म्हणाली. "असू दे. तेवढीच आहे ती."

म्हणून तो अजून काचेत आहे. परवा एक मुलगी आली, पाडव्यानंतरचं लग्न. बरोबर आई होती, ती दुकानाच्या पायरीवरच थांबली. मी म्हटलं, वहिनी आत या, बसा. त्या म्हणाल्या, मी कशाला, तिलाच ठरवू दे. मुलीने सगळे अल्बम बघितले आणि अपेक्षेप्रमाणे त्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली.

"काका, काय लाइट आहे! कसा केलात?"

"तिच्या आईने धरला होता," मी म्हटलं.

"हो? किती गोड," ती म्हणाली, आणि ड्रोन मिळेल का विचारायला लागली.